खडू आणि डाग

३ मार्च

कोट मिळाला. राखाडी आहे, खिशावर नगरपालिकेचं चिन्ह, आणि बाह्या इतक्या लांब की बोटांची टोकं काय ती दिसतात. घालून यांना दाखवायला गेले. आमचे हे रंगाच्या हौदावर वाकलेले. मान अर्धीच वळवून म्हणाले, "राखाडी हा रंग आहे, की रंगवायचा राहून गेलाय?" रंगाऱ्याशी संसार केला की असलं ऐकावं लागतं.

उद्यापासून मी लिफ्ट चालवणार. आमची वस्ती कड्याच्या पायथ्याला, नदीलगत. त्यांची कड्यावर. मध्ये आजवर फक्त दगडी जिना होता, तोही असा की वर पोचेपर्यंत माणूस कशाला आलो होतो ते विसरायचा. आता कड्याला चिकटून ही लिफ्ट उभी केली आहे. सहा महिने चालवून बघायची, मग ठेवायची की बंद करायची ते ठरणार.

इंजिनियर म्हणाले, "बाई, रंगशाळेत तुम्ही कापड रंगवायची मोठमोठी यंत्रं सांभाळलीत. इथे दोनच बटणं. वर आणि खाली." दोन असली म्हणून काय झालं? रंगशाळा बंद पडल्यापासून मी घरीच आहे. अर्ज पुष्कळांनी केले होते, निवडलं मला. हे कुणाला सांगत सुटणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

५ मार्च

दोन दिवसांत कळलं की माणसं लिफ्टमध्ये शिरली की मुकी होतात. वरचे भिंतीकडे बघतात, खालचे पायांकडे. मी मधे बसून दाराकडे.

वरचे आम्हाला "डाग" म्हणतात हे लहानपणापासून ऐकत आले. रंगाऱ्यांची वस्ती, तेव्हा कपड्यांवर काही ना काही असायचंच. आम्ही त्यांना "खडू" म्हणतो. त्यांची सगळी घरं पांढरी. आजोबा सांगायचे, आधी आमची वस्ती झाली, कारण रंगाला पाणी लागतं. मग ज्यांचं भलं झालं ते वास नको म्हणून वर राहायला गेले, आणि आपण रंगातून उठून आलोय हे दिसू नये म्हणून त्यांनी भिंतींना चुना फासला. खरं-खोटं आजोबा जाणोत. पण आज एक वरचे गृहस्थ आत शिरताना कोट आवरून उभे राहिले, आणि मला आजोबांचंच खरं वाटलं.

१२ मार्च

आज लिफ्टमध्ये ताई आली.

वरच्या दारात उभी होती. केस पांढरे झालेत. मला बघून थबकली, मग आत आली आणि म्हणाली, "खाली." जसं काही मी तिला दुसरीकडेच कुठे नेणार होते. मी बटण दाबलं. खाली पोचल्यावर "येते हं" म्हणाली. मी "पुढचे" असं ओरडले. पुढे कुणी नव्हतं.

ताई माझी सख्खी मोठी बहीण. शाळेतल्या एका मास्तरांशी लग्न झालं आणि ती वर गेली. त्यांनी नवं घर घेतलं तेव्हा मला जेवायला बोलावलं होतं. मी कामावरून तशीच गेले. तिथे चार पाहुणे बसलेले. एका बाईंनी विचारलं, "या कोण?" ताई म्हणाली, "या होय? आमच्या ओळखीच्या."

ओळखीची तर ओळखीची. मी पाणी पिऊन जिना उतरले, त्याला वीसेक वर्षं झाली. ती खाली आली नाही, मी वर गेले नाही. भावोजी गेल्याचंही मला आठवड्याने कळलं, तेही मासेवाल्याकडून. मुलगा दूरच्या शहरात असतो म्हणे.

यांना सांगितलं. हे म्हणाले, "गुडघ्यांनी जिना उतरवत नसेल तिला. लिफ्ट झाली, आली." मी म्हटलं, गुडघे आत्ताचे आहेत, वीस वर्षांपूर्वी काय झालं होतं?

२८ मार्च

ताई रोज येते. रोज! सकाळची गर्दी ओसरली की हजर. हातात भलीमोठी कापडी पिशवी. खाली जाताना भरलेली, वर येताना भरलेली. खाली असं काय आहे तिला रोज विकत घ्यायला? आणि भरलेली पिशवी खाली न्यायची कशाला? मला दाखवायला, दुसरं काय. बघ, माझ्याकडे किती सामान आहे.

आज तर कमालच. खाली पोचलो, दार उघडलं, तर म्हणते, "अगं बाई, पाकीट राहिलं घरी," आणि तशीच वर. पुन्हा आली. पुन्हा काहीतरी राहिलं. वय झालं बिचारीचं.

मधे एकदा म्हणाली, "कोट छान दिसतो तुला." बाह्या लांब आहेत हे तिच्या लक्षात आलंच असणार.

१७ एप्रिल

आता लिफ्टमध्ये माणसं बोलायला लागली आहेत. हे कधी झालं ते मला नेमकं सांगता येणार नाही. एक दिवस दोन बायका छत्रीच्या काडीवरून बोलल्या. दुसऱ्या दिवशी वरच्या बाईंची मोडकी छत्री आमच्या गल्लीतल्या कुलूपवाल्याकडे दुरुस्तीला गेली. आता कुलूपवाला आठवड्यातून दोनदा अवजारांची पेटी घेऊन वर जातो. चढताना छाती पुढे, उतरताना त्याहून पुढे.

आमचे म्हातारे वरच्या बागेत जाऊन बसतात. मला वाटलं, त्यांना वारा खायचा असेल. नाही! आपलीच घरं बघतात. "माझ्या छपराला मधोमध भोक आहे, चाळीस वर्षं राहतोय, पत्ताच नाही," असं एक जण उतरताना सांगत होता आणि अख्खी लिफ्ट हसत होती.

वरची पोरं शाळा सुटली की नदीवर येतात. कुठल्या घरात आज कुठला रंग चाललाय ते पाण्यावरून ओळखायची आमची लहानपणची पैज ती आता लावतात. हल्ली पाणी गाळून सोडावं लागतं, त्यामुळे रंग फार नसतो. तरी पोरं भांडतात. आज मी एकाला हळूच सांगितलं, "हिरवा म्हण." जिंकला.

६ मे

यांना काम मिळतंय. रंगशाळा बंद झाल्यापासून घरामागे दोन हौद घालून हे जमेल तेवढं करत होते, चार ओढण्या, दोन चादरी. आता पडद्यांचं कापड येतंय, ठाणच्या ठाण. सगळं वरून.

"कोण देतं?"

"आहेत एक बाई."

"कुठल्या?"

"वरच्या. चार घरांचं गोळा करून आणतात."

बघा! मी म्हणतच होते, कामाची पारख असलेलं एक तरी माणूस वर असेल. हे नीळ अशी चढवतात की कापड हौदातून निघतं हिरवं, आणि वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होत जातं. लग्नाच्या आधी मी एकदा ते बघितलं होतं, आणि मग लग्नच केलं.

एकच तक्रार. यांना हल्ली दुपारी दोनदा चहा लागतो. रोज घरी आले की दोन कप विसळायला पडलेले. एकाच कपात दोनदा प्यायला काय होतं?

२ जून

मुकाट्याने नोंद करते. आज ताईने जाता जाता माझ्या स्टुलावर एक छोटी उशी ठेवली. म्हणाली, "दिवसभर बसतेस." मी म्हटलं, "प्रवाशांनी आपलं सामान आपल्याबरोबर न्यावं." ती गेली, उशी राहिली.

बसले. मऊ आहे. पण ते तिला कळायची गरज नाही.

२१ जून

वरच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंनी आमच्याकडे संध्याकाळचा दवाखाना काढला. पहिल्याच दिवशी रांग नदीपर्यंत. आमच्या लोकांना दात आहेत हेही मला नव्याने कळलं.

२४ जुलै

वाईट दिवस.

सकाळी आठची गर्दी. वर जाणारे कोंबून भरलेले. त्यात वरच्या रहिवासी मंडळाचे अध्यक्ष. परवाच लिफ्टची पाहणी करून गेले होते, आज पुन्हा आले होते. दुधासारखी पांढरी पँट. त्यांच्याकडे कपाळावर आठी घालूनच झोपतात की काय कोण जाणे. ताईही होती. एरवी सकाळी नसते, आज कशी कोण जाणे फार घाईत होती. पिशवी छातीशी कवटाळून कोपऱ्यात उभी.

वर पोचलो, सगळे उतरले, आणि अध्यक्षांनी खाली बघितलं. गुडघ्यापासून खाली निळे ओघळ. जमिनीवर थारोळं.

"हे काय आहे?"

मागून कुणीतरी म्हणालं, "डागांनी डाग पाडला." हसले लोक. त्यांतल्या दोघांना मी नावाने हाक मारते. रोज त्यांची विचारपूस करते.

अध्यक्ष म्हणाले, "ओलं कापड लिफ्टमध्ये आणतात! कोण होतं?"

मी सांगितलं, "साहेब, आमच्याकडचा माणूस ओलं कापड उंबऱ्याबाहेर काढत नाही. रंग बसेपर्यंत ते दोरीवरून हलत नाही."

"मग हे काय आकाशातून पडलं?"

मी ताईकडे बघितलं. एवढ्या लोकांत ती एक तरी म्हणेल की खालचे असं करत नाहीत, तिला तर माहीत आहे. ती मान खाली घालून भराभर चालू लागली. पुन्हा ओळखीची!

जमीन मी पुसली. नीळ ओल्यात निघते, नशीब.

२ ऑगस्ट

मंडळाचा अर्ज गेला आहे. खालच्यांना पास लागावेत, ओझं आणायला बंदी, आणि लिफ्टवर "जबाबदार" माणूस नेमावा. म्हणजे मी बेजबाबदार. नाहीतर लिफ्ट बंद करा, असं शेवटी. इंजिनियर येऊन सांगून गेले. महिनाअखेर वरच्या वाचनालयात सभा आहे, मलाही यावं लागेल.

यांना सांगितलं तर एकदम पांढरे पडले. "मी सांगत होतो, उद्या न्या म्हणून," असं पुटपुटले. मी विचारलं, काय? तर म्हणाले, "काही नाही, हौदाचं बोलतोय." माणूस घाबरला की काहीही बोलतो.

मला काय वाटतं ते कुणापाशी बोलत नाही, इथे लिहिते. नोकरी गेली तर जाऊ दे. पण पाच महिन्यांत माझ्या समोर माणसं एकमेकांना "बरंय ना?" विचारायला लागली. ते मी केलं असं नाही म्हणत. पण बटण माझं होतं.

९ ऑगस्ट

ताई दुपारी आली. लिफ्टमध्ये आम्ही दोघीच. म्हणाली, "बुटके, मला तुला काहीतरी सांगायचंय."

बुटके! लहानपणची हाक, इतक्या वर्षांनी. मी पाटीकडे बोट दाखवलं. "प्रवाशांनी चालकाशी बोलू नये."

"अगं पण..."

"नियम आहे."

खाली पोचल्यावर ती उतरलीच नाही. म्हणाली, "वर." वर गेलो. ती गेली. दिवसभर कामात लक्ष नव्हतं.

३० ऑगस्ट

सावकाश लिहिते, नाहीतर काहीतरी सुटेल.

सभेसाठी मी वरच्या दारातून बाहेर पडले. सहा महिने ते दार दिवसाला कितीदा उघडते, पण पाऊल बाहेर टाकलं नव्हतं. हे माझ्याबरोबर होते, धुतलेला सदरा घालून. मी पहिल्या गल्लीत वळले आणि थांबले. पांढरी घरं, आणि खिडक्यांत पडदे. निळे. एकही निळा दुसऱ्यासारखा नाही, पण सगळे यांचे. दुसऱ्या कुणाच्या हाताचा रंग मी ओळखणार नाही, हा ओळखते. एका खिडकीत, दोन खिडक्यांत, कोपऱ्यावरच्या अख्ख्या माडीला. मी यांचा हात धरला. भर रस्त्यात. यांचं लक्ष बुटांकडे.

वाचनालय भरलेलं. पुढे वरचे, मागे खालचे, आपणहून तसे बसले. अध्यक्ष चांगलं बोलले, हे कबूल करायला हवं. म्हणाले, "मला कुणाचा द्वेष नाही. पण प्रत्येक वस्तीची एक प्रकृती असते. आमच्या आजोबांनी ही वस्ती शांत, स्वच्छ, पांढरी ठेवली. ती सरमिसळीत पुसली गेली तर आम्ही कोण?" मागच्या रांगेतला आमचा कुलूपवालासुद्धा मान डोलावत होता. त्यालाही आपली गल्ली आपल्यासारखीच राहायला हवी आहे.

मग मला उभं केलं. "ओलं कापड कुणाचं होतं?"

"मला माहीत नाही. पण आमच्याकडचं नव्हतं. आमच्याकडे..."

"ओलं कापड उंबऱ्याबाहेर पडत नाही," अध्यक्षांनीच पुरं केलं. पुढच्या रांगा हसल्या. मी बसले नाही.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला. "माझं होतं."

ताई उभी. खुर्चीची पाठ धरून.

"पिशवी माझी होती. हिचा नवरा म्हणत होता, अजून ओलं आहे, उद्या न्या. मीच ऐकलं नाही. पाहुणे यायच्या आत पडदे लागायला हवेत, असा निरोप होता."

"कुणाचा?" अध्यक्ष म्हणाले.

"तुमच्या घरचा."

ताई पुढे बोलत राहिली. "ह्या वस्तीतला प्रत्येक निळा पडदा मी आणला. मोठ्या दुकानातून आणते असं सगळ्यांना सांगितलं. खालून आणते म्हटलं असतं तर तुम्ही घेतले नसते. मी तुम्हाला ओळखते, मी तुमच्यासारखीच झाले आहे. पण जन्मले खाली. नदीकडच्या शेवटच्या घरात. आणि ही लिफ्ट चालवते ना, ती माझी सख्खी धाकटी बहीण. ओळखीची नाही. बहीण."

मी कुठे बघावं ते कळेना. यांच्याकडे बघितलं. हे अजून बुटांकडेच. दोन कप! मेल्या, दोन कप!

अध्यक्षांच्या पत्नी पहिल्या रांगेत होत्या. शांतपणे म्हणाल्या, "पडदे मी काढणार नाही. पँट दुसरी शिवता येईल." मग मात्र पुढचे आणि मागचे एकदमच हसले.

अध्यक्ष खाली बसले. शेवटी इंजिनियरना म्हणाले, "ओलं कापड झाकणाच्या बादलीतून न्यावं, एवढं तरी लिहा." इंजिनियरनी लिहिलं. पास नाहीत. लिफ्ट राहणार. मी राहणार.

बाहेर ताई समोर आली. मी म्हटलं, "अक्कल आहे का? नीळ ओली पिशवीत भरतात का? कापड पट्ट्यापट्ट्यांचं झालं असेल."

"झालं ना," ती म्हणाली. "त्यांना तीच नक्षी वाटली. अजून तशीच दोन हवी आहेत."

मी हसणार नव्हते.

३१ ऑगस्ट

यांच्याशी अबोला. सहा महिने माझ्याच घरात, माझ्याच बहिणीबरोबर चहा! म्हणतात, "तिने शपथ घातली होती. म्हणाली, ती आपणहून बोलेल तेव्हाच." मी म्हटलं, बोलायची वाट बघत रोज लिफ्टने वरखाली करायचं? हे म्हणाले, "आणि दुसरं काय करणार होती?"

संध्याकाळी अबोला सोडला, भूक लागली होती.

७ सप्टेंबर

काल माझी सुट्टी. ताई सकाळीच घरी आली, समोरच्या दाराने. पडद्यांची मागणी इतकी झाली आहे की यांचे दोन हात पुरत नाहीत. मी बाह्या सारल्या. ताई हौदाशी उभी राहून बघत होती. मग तिने बांगड्या काढल्या, घड्याळ काढलं, यांच्या हातात दिलं आणि हौदात हात घातले. कोपरापर्यंत. तिने कापड फिरवलं, पिळलं, वर काढलं, आणि वाऱ्यावर धरलं. लहानपणी आई शिकवायची तस्संच, डावं टोक उंच. विसरली नाहीये.

आज सकाळी ती गर्दीच्या वेळी खालून आली. रात्री आमच्याकडेच राहिली होती. लिफ्ट भरलेली. वरचे, खालचे, डॉक्टरीणबाई, अध्यक्षही. ताईने आधाराची दांडी धरली. दोन्ही हात निळे, नखांपर्यंत. पूर्वी तिने ते पदराआड घेतले असते.

एका नव्या बाईंनी विचारलं, "अहो, हाताला काय झालं?"

"रंग," ताई म्हणाली. "आठवडाभर जात नाही."

अध्यक्षांनी ते हात बघितले. मग किंचित सरकून दांडीवर तिच्या शेजारी आपला हात ठेवला. कोट आवरला नाही.

सगळे वाट बघत होते. मी बटणावर बोट ठेवून तशीच बसले होते. ही लिफ्ट हळू चालवायची सोय नाही. असती तर आज चालवली असती.

"बुटके," ताई म्हणाली, "नेतेस ना?"

"प्रवाशांनी चालकाशी बोलू नये," मी म्हटलं, आणि वर घेतली.